कोनता रूट?

यावल स्टँडच्या मागे, केळीच्या वेफर्सच्या गाड्याला लागून
साडेसहा फुटांचं माझं दुकान.
एक टेबलफॅन, दोन स्टुलं,
आणि जळगावच्या जुन्या बाजारातला डेस्कटॉप,
त्याची एक बाजू कायमची उघडी,
मे महिन्यात त्यालाही दम लागतो.

फेगडेकाका आले पावणेतीनला, डोक्यावर ओला रुमाल.
निवृत्त वाहक. बिल्ला अजून खिशात.
मी म्हटलं, फोन रूट करावा लागेल.
“कोनता रूट? फैजपूर, सावदा, का डायरेक्ट रावेर?”
आणि स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत.

“घर माह्यं, हप्ते म्या भरले,
अन् हे भाडेकरू कोन बसोले?
एक कर्जवाला, एक भविष्यवाला, एक क्रिकेटवाला.
हाकलले तं निंघत नाही.
माह्या गाडीत बिनतिकिट कोनी बसलं नाही कधी.”

मी बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या.
सातव्या टिचकीला फोन म्हणाला,
आता तुम्ही डेव्हलपर आहात.
“कोन, मी?”
चष्मा कपाळावर.
“बत्तीस वर्सं प्रमोशन नाही भेटलं, माय.”

केबल जोडली. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं.
सांगितलं, कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं.
ते गप्प झाले, बोटांवर काही मोजत राहिले.
“नातीचा फोटो तेव्हढा काढून ठेव.
बाकी मानसं पाठ आहेत.”

पट्टी सरकली. बारा टक्के. सदतीस.
एकसष्टला लाइट गेली.

तापीपल्याड दीपनगरात वीज पिकते, इकडे केळी पिकते,
दोन्ही आधी बाहेरगावी जातात.
फोन काळा. दाबलं तरी काळा.
आमच्या धंद्यात अशा फोनला वीट म्हणतात,
हे मी त्यांना सांगितलं नाही.
वीट मांडीवर घेऊन बसले.

“अट्रावलच्या पुढं गाडी बंद पडली व्हती एकदा.
ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं. म्या वाकून पाह्यलं,
तं म्हने, फेगडे, तू घंटी वाजव.
माह्या घंटीबिगर गाडी हालत नव्हती,
पन आत काय चालते,
कोनी दाखोलं नाही.”

तेवढ्यात उठले. माझा फोन मागून घेतला,
स्टँडवर उभ्या चोपडा गाडीत चढले,
रेकॉर्डिंग लावून दोरी ओढली,
दोनदा.
गाडी निघाली. चार मिनिटं आधी.
काका भुसावळ नाक्यापासून चालत परतले,
घामाघूम, आणि चेहऱ्यावर काय ते हसू.

चार-दहाला पंखा फिरला.
दोन्ही बटणं धरून मी वीस आकडे मोजले.
अठराव्याला पडद्यावर एक पिवळा त्रिकोण उगवला.
वीट नव्हती ती.

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी शंभर.
ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह गेलं,
तिथे फुलीगोळ्याची रिकामी चौकट आली.
म्हटलं, काका, आता इथे तुम्हाला नाही म्हणणारं कुणी नाही.
याचा श्वास जिथून चालतो तेही पुसता येतं,
आणि तो तुम्हाला थांबवणार नाही.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.
बराच वेळ वाकून नुसते बघत राहिले,
ओळीमागून ओळ, एक अक्षर कळत नसताना.
मग एकच बोट पुढे आलं.
“तो कर्जवाला मी काढतो.
उतर रे.”

शेवटी कंपनीची नाचरी अक्षरं काढली.
फोन बंद केला, चालू केला.
टण् टण्.
वेफर्सवाला झारा थांबवून स्टँडकडे बघू लागला.

दीडशे झाले. त्यांनी दोनशेची नोट दिली.
माझ्याकडे सुट्टे नव्हते.
“मंग मागं लिहून दे,” ते म्हणाले,
आणि मी पावती उलटी करून
पन्नास बाकी लिहिलं, खाली सही केली.
त्यांनी ती सही उजेडात धरून नीट तपासली.